आईच्या खोलीची केबल

“लोड किती?” दुकानदाराने विचारलं.

“आई एकटीच आहे,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. विजेच्या दुकानात लोड म्हणजे विजेवर चालणाऱ्या वस्तूंचा भार, माणसांचा नव्हे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण गेले काही दिवस घरात, ऑफिसात आणि फाटकापाशी मी याच एका विषयावर बोलत होतो, त्यामुळे कोणी काहीही विचारलं तरी तोंडातून आईच निघायची.

विषय एवढाच होता की आई आमच्याकडे राहायला येणार होती. आमच्या घरामागे अंगण आहे आणि अंगणाच्या पलीकडच्या टोकाला एक सुटी खोली आहे. आधीच्या मालकाने ती कशासाठी बांधली होती कोण जाणे. आम्ही तिच्यात मोडलेल्या पण टाकवत नाहीत अशा वस्तू ठेवत होतो. खोलीला दार होतं, खिडकी होती, वीज नव्हती. आईला नेमकी तीच खोली हवी होती.

थोरल्या भावाकडे तिचे हाल होत होते असं कुणी समजू नये. उलट तिथे सगळे तिची फार काळजी घेत. काळजी घेण्याची त्या घरातली पद्धत अशी, की आईच्या दारावरून जाणारा प्रत्येक जण तिचा दिवा बंद करून जाई. ती वाचत असली तर “डोळे दुखतील”, आडवी झाली असली तर “जरा पडा शांत”, खिडकीशी बसली असली तर “उजेड आहे की अजून”. भाऊ, वहिनी, नातवंडं, सगळे मायेनेच बंद करत. आईने कधी तक्रार केली नाही. एकदा फोनवर मात्र म्हणाली, “मला काही नको रे. एक बटण हवंय. मी लावलं की लागेल आणि मी बंद करेपर्यंत चालू राहील असं.”

आईने माझ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ. मी ताबडतोब हो म्हणालो. हो म्हणायला वायर लागत नाही.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिचा मला फार त्रास झाला. मी एका विमा कंपनीत आगीच्या दाव्यांच्या विभागात काम करतो. माझ्या टेबलावर रोज जळालेली दुकानं, जळालेली गोदामं आणि जळालेले बैठकीचे सोफे येतात, कागदावर. त्या कागदांवर ‘कारण’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘शॉर्ट सर्किट’ असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली मी सही करतो. इतकी वर्षं सही केल्यावर आपल्याला विजेतलं थोडंफार कळतं असा समज होणं साहजिक आहे. बायकोचा तसा समज नव्हता. ती म्हणाली, “अहो, ट्यूब बदलायला तुम्ही पलीकडच्या काकांना बोलावता.”

हे खरं होतं, पण त्या वेळी बोलण्याची गरज नव्हती.

पलीकडचे काका म्हणजे कंपनीवाले काका. हे निवृत्त झालेत आणि कुठल्याही विषयावर “आमच्या कंपनीत” या शब्दांनी सुरुवात करतात. कंपनी पंखे बनवायची. काका तिथे पंखे खोक्यात भरण्याच्या खात्यात होते, असं त्यांच्या बायकोकडून एकदा कळलं होतं; पण माणूस पंख्याच्या इतक्या जवळ राहिला की त्याला वारा लागणारच. मी दुकानातून हात हलवत परत आल्याचं त्यांनी कुंपणावरून पाहिलं आणि चप्पल न घालताच आले.

दुकानदाराचं म्हणणं सरळ होतं. दिवा, पंखा, चहाची किटली आणि थंडीत हीटर, यांचा भार धरा. घरातल्या बोर्डापासून खोलीपर्यंतचं अंतर मोजून आणा. मग केबल सांगतो. केबल लांब गेली की वाटेत दाब कमी होतो, म्हणून अंतर लागतं. तारेची जाडी स्क्वेअरमध्ये मोजतात, आणि अंदाजाने चार स्क्वेअर पुरेल, फार तर सहा, असं तो म्हणाला होता.

काकांनी हे ऐकून घेतलं आणि दुकानदाराची कीव केली. “चार-सहाच्या फंदात पडू नका,” ते म्हणाले. “दहा घ्या. जाड तार कधी तापत नाही. आमच्या कंपनीत जाडच वापरायचे.”

समोरच्या बाईंनी सांगितलं, केबल कशाला, गच्चीवरून वायर लोंबती सोडा, आमच्या माहेरी तशीच आहे, पक्षीसुद्धा बसतात. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बॅटरीचा कंदील सुचवला. माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने आईला घरातच का ठेवत नाही असं विचारलं आणि मी त्याच्याशी तीन दिवस बोललो नाही. एकूण सल्ल्यांत काकांचाच सल्ला असा होता की त्यात विचार करावा लागत नव्हता. जाड घेतली की प्रश्न मिटला. मध्यमवर्गीय माणसाला सुटलेल्या प्रश्नांपेक्षा मिटलेले जास्त आवडतात.

अंतर मी पावलांनी मोजलं. घराच्या भिंतीपासून खोलीच्या भिंतीपर्यंत सरळ चालत गेलो आणि आकडा सांगून दुकानदाराकडून दहाची केबल घेऊन आलो. केबल भिंतीवरून खाली उतरते, जमिनीत शिरते, वळते, पलीकडे पुन्हा वर चढते आणि दोन्ही बोर्डांत तिला थोडं मोकळं अंग लागतं, हे चालताना माझ्या लक्षात आलं नाही. मी काही भिंतीवर चालत नाही.

मध्यंतरी वीज कार्यालयात जाऊन यावं लागलं, कारण भार वाढत होता. तिथल्या कारकुनाने माझी सगळी माहिती शांतपणे लिहून घेतली आणि किटलीपाशी त्याचं पेन थांबलं. खोली सुटी आहे, तिथे किटली आहे, म्हणजे तिथे स्वयंपाक होतो. स्वयंपाक होतो म्हणजे ते वेगळं घर. वेगळं घर म्हणजे वेगळं मीटर. मी म्हटलं, किटलीत फक्त पाणी तापतं. तो म्हणाला, पाणी तापवणं हा स्वयंपाक आहे की नाही ते साहेब ठरवतात आणि साहेब साइटवर गेलेत. साहेब पुढचे कितीतरी दिवस साइटवरच होते. ती साइट कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी एकदा ते खुर्चीत सापडले, तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: “तुमच्या मातोश्री चहा तिथे करणार की फक्त पाणी?”

आई तिथे फक्त पाणी तापवेल, चहाची पूड आणि साखर मुख्य घरात राहील, असं मी लिहून दिलं. आगीच्या विभागात पंचवीस वर्षं घालवून मी आईच्या साखरेची हमी लिहून देत होतो.

वायरमन मिळाला तो काकांच्या ओळखीचा. माणूस कामाचा होता, परवाना असलेला होता, गोड बोलायचा. त्याचं नाव आमच्या गल्लीत कुणी घेत नाही. त्याला सगळे ‘निघालोय’ म्हणतात, कारण फोन केव्हाही करा, तो “निघालोय” असंच म्हणतो. पहिल्या दिवशी तो खरंच आला. त्याने केबलचं वेटोळं पाहिलं, बुटाने ढकललं, ते हललं नाही.

“कुणी सांगितली ही?” त्याने विचारलं.

काका कुंपणापाशी उभे राहून आकाश बघू लागले.

जाड केबलची एक अडचण असते. ती वळत नाही. म्हणजे वळते, पण मोठं वळण घेऊन, तिच्या सवडीने. आमचा चर अंगणाच्या कडेकडेने जाऊन कोपऱ्यात काटकोनात वळणार होता. निघालोय म्हणाला, अशा कोपऱ्यात हिला मोडलं तर आतून दुखावेल, चर गोल काढायला लागेल. गोल काढलेला चर सरळ बायकोच्या टोमॅटोच्या वाफ्यातून गेला. बायको दारात उभी होती. तिने झाडं उपटली जाताना पाहिली आणि काही बोलली नाही. माझ्या अनुभवात बायको काही बोलली नाही की ते पुढे बराच काळ ऐकावं लागतं.

चर खणला गेला, तळाशी वाळू पडली, केबल झोपली, वर विटांची रांग आली, माती आली. घरातल्या बाजूचं टोक निघालोयने नीट जोडलं. तिथे नवीन बोर्ड होता, केबल पकडून ठेवायला पितळी ग्लँड होतं, सगळं जागच्या जागी बसलं. खोलीत दिवा, पंखा आणि बटणं त्याने आधीच बसवली होती, पण त्या बाजूला केबल कमी पडली. जेमतेम बोर्डापर्यंत पोचत होती, मोकळं अंग उरत नव्हतं. निघालोयने माझ्याकडे पाहिलं, मी पावलं मोजल्याचं सांगितलं आणि तो डोक्याला हात लावून खाली बसला. जमिनीत जोड द्यायचा नसतो, म्हणाला. आता या टोकाला मापाचं सामान आणायला हवं, उद्या सकाळी आणतो. घराकडचा स्विच बंद करून तो गेला.

त्यानंतर तो निघालेलाच राहिला.

आई रोज फोन करायची आणि विचारायची नाही. म्हणजे तब्येत विचारायची, टोमॅटो विचारायची, माझ्या खोकल्याची चौकशी करायची. शेवटी म्हणायची, “बॅग भरून ठेवलीय. घाई नाही.” घाई नाही हे ती ज्या आवाजात म्हणायची त्या आवाजामुळे मला ऑफिसात फायली वाचता येईनात. मी तिला उद्या, परवा, येत्या आठवड्यात असं सांगत राहिलो. शब्द देऊन तो पाळता न येणं ही फार थकवणारी गोष्ट आहे. वय झालेल्या आईला तो दिलेला असेल तर जास्तच.

आणि एका दुपारी ती आली. भावाला या बाजूला काही काम निघालं होतं, ती त्याच्या गाडीत बसून आली. भाऊ उंबऱ्यावरूनच परत गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, नाही जमलं तर सांग, रविवारी येऊन घेऊन जातो. त्याने ते चांगल्या मनाने सांगितलं होतं. आईने ऐकलं. तिचे कान अजून शाबूत आहेत.

ती अंगण ओलांडून सरळ खोलीत गेली, खुर्चीवर बसली, बॅग मांडीवर घेतली. खोलीत अंधारून आलं होतं. मी म्हटलं, आई, आज घरात झोप, वायरमन येतोय. ती म्हणाली, “येऊ दे की. मी इथे थांबते.”

मी निघालोयला फोन केला. तो निघाला होता.

मग जे झालं त्याला मी आणि काका दोघे जबाबदार आहोत. ही जबाबदारी आम्ही आजवर एकमेकांवर ढकलत आलो आहोत. काका म्हणाले, दोन तारा दोन भोकांत घालून स्क्रू आवळायचा, याला वायरमन कशाला. त्यांनी घरून एक जुना मेन स्विच आणला. कंपनीतलाच असावा, फार जपून फडक्यात गुंडाळलेला होता. घराकडचा स्विच बंद आहे याची आम्ही तीनदा खात्री केली, एवढी अक्कल आमच्यात होती. मी केबलचं टोक सोललं. आत तांब्याच्या जाड तारांच्या जुड्या निघाल्या, प्रत्येक जुडीत सात. मी एक जुडी स्विचच्या भोकात घालू लागलो आणि ती जाईना.

भोक लहान होतं. जुना स्विच बारीक तारेसाठी होता, केबल दहाची होती. आम्ही ती पिळून पाहिली, पक्कडीने दाबून पाहिली, काकांनी तिच्यावर हळूच हातोडी मारून पाहिली. खुर्चीवर आई बसलेली, बॅग मांडीवर. ती आमच्याकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती.

“सातातल्या तीन छाटा,” काका म्हणाले. “चार पुष्कळ झाल्या. केबल मुळात जाडच आहे.”

थकलेल्या माणसाला हे पटतं. आम्ही प्रत्येक जुडीतल्या तीन तारा छाटल्या, उरलेल्या चार भोकात घातल्या, स्क्रू आवळला. घाईत सोललं थोडं कमीच होतं, त्यामुळे स्क्रूचं टोक निम्मं तांब्यावर आणि निम्मं प्लॅस्टिकच्या आवरणावर बसलं. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला फक्त स्क्रू घट्ट झाल्याचं जाणवलं आणि फार बरं वाटलं.

मी घरात जाऊन स्विच वर केला. अंगणातून पाहिलं तर खोलीची खिडकी पिवळी झाली होती. आत गेलो तेव्हा आई बटणापाशी उभी होती. तिने दिवा बंद केला, लावला, बंद केला, लावला. मग बॅग उघडून पुस्तकं काढू लागली. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटतं त्या संध्याकाळी मी जेवताना गुणगुणत होतो. बायकोने तेही लक्षात ठेवलं आहे.

पुढचे दिवस छान गेले असं लिहायला मला आवडलं असतं. आईला खोली आवडली होती, यात शंका नव्हती. पण थंडी पडली तरी ती हीटर लावेना. किटली तर तिने पुसून कपाटात ठेवून दिली आणि चहाला घरात यायला लागली. मी विचारलं की म्हणायची, किटलीच्या पाण्याचा चहा पोटाला बरा नाही. किटलीसाठी मी साहेबांना साखरेची हमी लिहून दिली होती. मला वाईट वाटलं. माझी एवढी धडपड, आणि हिला नुसता एक दिवा पुरतो. मी बायकोकडे कुरकुर केली की आपल्या घरात कष्टांची कुणाला किंमत नाही. बायकोने खिडकीतून वाफ्याकडे पाहिलं.

खिडकीवरून आठवलं. आई भर थंडीत खोलीची खिडकी सताड उघडी ठेवायची आणि शाल पांघरून वाचत बसायची. म्हातारपणी मोकळी हवा लागते, असं मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून मी ती तशीच राहू दिली. बायको मात्र एकदा आईचे धुतलेले कपडे ठेवायला गेली आणि येऊन म्हणाली, “अहो, आई अत्तर कधीपासून लावायला लागल्या?”

आईने जन्मात अत्तर लावलेलं नाही. माझ्या बहिणीने परदेशातून पाठवलेली बाटली तिने सील न फोडता जपून ठेवली होती. मी खोलीत गेलो. आई वाचत होती. अत्तराचा वास इतका होता की डोळे चुरचुरले, आणि त्या वासाच्या खाली दुसरा एक वास होता. तो वास मला ठाऊक होता. जळालेल्या सोफ्यांच्या फोटोंना वास नसतो, पण एकदा पाहणीला गेलो असताना एका गोदामात तो आला होता. तापून वितळणाऱ्या प्लॅस्टिकचा.

मी बोर्डाला हात लावला आणि झटकन काढला. काकांच्या स्विचचं झाकण कडेने तपकिरी झालं होतं. आई फक्त दिवा आणि पंखा वापरत असती तर इतकं तापलं नसतं.

“हीटर लावला होतास?” मी विचारलं.

“पहिल्या दिवशी. दोन्ही लावले, हीटर आणि किटली. मग वास आला. मग नाही लावले कधी.” ती पुस्तकातून वर बघत नव्हती. “आज पाय फार गार पडले होते म्हणून थोडा वेळ लावला.”

“आणि सांगितलं नाहीस? आई, इथे आग लागली असती. तू आत झोपतेस.”

“सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस.”

“केलंच असतं.”

“आणि रविवारी तो आला असता न्यायला.”

यातलं काहीही खोटं नव्हतं. ही सगळी करणी आमची, काकांची आणि माझी. वास घालवायला अत्तर मात्र ती तिचं वापरत होती. मला लाज वाटली आणि भीती वाटली, दोन्ही एकदम. इतकी वर्षं ज्या रकान्याखाली मी सही करत होतो, त्या रकान्यात माझ्या आईची खोली आली असती, आणि कारण मी स्वतः स्क्रूने आवळून बसवलेलं होतं.

“आई, बंद करावाच लागेल,” मी म्हणालो. “नीट करायला. परत लावू.”

ती उठली. तिने दिवा आधी स्वतः बंद केला. मग मी घरात जाऊन मेन बंद केला. त्या रात्री ती घरात झोपली, बैठकीत. बॅग तिने भरली नव्हती, पण जवळ ठेवली होती.

सकाळी मी निघालोयला फोन केला नाही. त्याच्या घरी गेलो, त्याच्या दाराबाहेरच्या पायरीवर बसलो आणि तो दात घासून बाहेर येईपर्यंत उठलो नाही. त्याच्या बायकोने मला चहा दिला. आम्ही दोघे एकदमच निघालो.

निघालोय फार बोलणारा माणूस आहे आणि त्या दिवशी त्याला श्रोतेही भरपूर मिळाले. त्याने स्विच उघडला. आतला स्क्रू काळा पडला होता, तारांचं आवरण वितळून घट्ट झालं होतं. “या तारा कुणी छाटल्या?” त्याने विचारलं. काका याही वेळी आकाशाकडे बघत होते, पण आकाशात विशेष काही नव्हतं. मग त्याने बराच वेळ भाषण दिलं. केबल कितीही जाड घ्या, ती शेवटी तोंडाशी जेवढी उरते तेवढीच. तुम्ही इथून तिथपर्यंत हमरस्ता बांधला आणि दारात येऊन बोळ केला. आवरणावर स्क्रू बसवला म्हणजे तो नुसता टेकला, पकडलाच नाही. टेकलेला जोड तापतो, तापला की ढिला होतो, ढिला झाला की आणखी तापतो. हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी त्याला म्हटलं, तुम्ही वेळेवर आला असतात तर हे घडलं नसतं. तो म्हणाला, मी निघालो होतो. पुढचा अर्धा तास आम्ही याच दोन वाक्यांवर होतो. बायकोने मध्ये येऊन दोघांनाही गप्प केलं.

काम मात्र त्याने झकास केलं. काकांचा स्विच काढून त्यांच्याच फडक्यात परत दिला. नवीन, मोठ्या तोंडाचा आणला. केबलचं जळकं टोक कापलं, सातही तारा शाबूत ठेवून त्यांच्यावर तांब्याची टोपी चढवली, जिला तो थिंबल म्हणत होता, आणि मोठ्या पक्कडीने ती अशी दाबली की तार आणि टोपी एकच झाली. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक तार हाताने ओढून पाहिली. केबलच्या बाहेरच्या पोलादी चिलखताला अर्थिंग जोडलं, या टोकालाही ग्लँड बसवलं.

फक्त एक झालं. केबल आधीच जेमतेम होती, जळकं टोक कापल्यावर ती बोर्डापर्यंत पोचेना. म्हणून बोर्डच खाली घ्यावा लागला. आता तो आईच्या पलंगाच्या उशापाशी, बसल्या जागी हात पोचेल अशा उंचीवर आहे. भिंतीवर जुन्या जागी विटकरी रंगाचा चौकोन उरला आहे. तो रंगवायचं माझ्या मनात आहे, पण मी यापुढे घरातलं काही करायचं नाही असं ठरलं आहे. हा ठराव माझ्या गैरहजेरीत झाला.

सगळं जोडून झाल्यावर निघालोयने हीटर आणि किटली दोन्ही लावायला सांगितलं आणि हात बोर्डावर ठेवून उभा राहिला. आम्ही सगळे उभे राहिलो. किटली उकळली. बोर्ड गार होता. आईने त्याच पाण्याचा चहा केला, तिथेच, साखर घालून. वीज कार्यालयाच्या साहेबांनी हे वाचलं तर माझा नाइलाज आहे.

भावाला मी सगळं जमलंय, रविवारी न्यायला येऊ नकोस असं कळवलं. तो म्हणाला, बरं झालं. मग म्हणाला, तिला म्हणावं रात्री फार वाचू नको, डोळे दुखतील. मी म्हटलं, सांगतो. सांगितलं नाही.

परवाची गोष्ट. भर दुपार होती, ऊन पार स्वयंपाकघरात आलं होतं. आई आमच्या ओट्याजवळ स्टुलावर बसून मटार सोलत होती. मी पाणी प्यायला गेलो आणि सहज खिडकीतून अंगणापलीकडे पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. दार बंद होतं आणि आत दिवा लख्ख चालू होता, इतक्या उन्हात नुसता पिवळा ठिपका दिसत होता. माझ्या लहानपणी खोलीतून बाहेर येताना दिवा चालू राहिला तर आई आम्हाला ताटावरून उठवून बंद करायला पाठवायची. मी ग्लास खाली ठेवला आणि दाराकडे निघालो.

“आई, तुझा दिवा चालू राहिलाय.”

तिने शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले आणि टरफल बाजूला ठेवलं.

“राहिला नाही,” ती म्हणाली. “ठेवलाय.”

मी परत फिरलो, पाटावर बसलो आणि तिच्यासमोरच्या ढिगातली एक शेंग उचलली.